मनोहर सांगे

मनोहर जानेफळकरच्या नावाने स्मरणिका निघते आहे. त्यासाठी दोन तरुण परवा माझ्याकडे आले होते. चांगले, शिकलेले तरुण. म्हणाले, "मास्तर, तुम्ही त्यांच्या पार्टीत ढोलकी वाजवायचे ना, मंग चार चांगले शब्द लिहून द्या." मी म्हटलं, लिहायला कशाला हवं, आत्ता देतो. आवाज चांगला होता त्याचा. झाले चार. ते हसले. मी चेष्टा करतोय असं त्यांना वाटलं आणि कागद ठेवून निघून गेले.

चेष्टा नव्हती. आवाज त्याचा खरोखरच चांगला होता, आणि हे मला आजही पचत नाही. असा आवाज एखाद्या भल्या माणसाच्या गळ्यात पडला असता तर कोणाचं काय बिघडलं असतं? पण तो पडला मनोहरच्या गळ्यात. वरच्या पट्टीत गेला की बसलेल्या बाया मांडीवरच्या लेकराला थोपटायचं विसरत. मी स्वतः ढोलकीवरचा हात चुकलो आहे. एवढं कबूल केलं की मग मला पुढचं बोलायला कोणाची भीती नाही.

पहिली गोष्ट म्हणजे तो जानेफळचा नव्हता. जानेफळला त्याचं घर नव्हतं, शेत नव्हतं, मामाही नव्हता. तो आमच्याच गावचा, जानेफळपासून दोन कोसांवरचा, मनोहर इंगळे. पण गावाचं नाव लावलं तर कोणी ओळखणार नाही, आणि जानेफळला निदान बाजार भरतो, असा त्याचा हिशोब. आम्ही गायन पार्टी काढली तेव्हा किसनदादाने पार्टीला गावाचं नाव द्यायचं ठरवलं होतं. जयंतीच्या आदल्या दिवशी बोर्ड रंगून आला. त्यावर होतं : गायक मनोहर जानेफळकर आणि पार्टी. बोर्ड रंगवायला तोच गेला होता. आम्ही सगळे त्या "आणि पार्टी"त.

महाराष्ट्र नुकताच झाला होता तेव्हाची ही गोष्ट. धम्माची दीक्षा घेऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि गावोगाव अशा पार्ट्या निघत होत्या. एक पेटी, एक ढोलकी, टाळ, मागे झील धरणारे तिघेचौघे आणि पुढे गायक. एस.टी. जिथवर जाई तिथवर एस.टी.ने, पुढे पायी. पेटी आम्ही आळीपाळीने डोक्यावर घ्यायचो. मनोहर कधीच घ्यायचा नाही. "गळ्याच्या मानसानं वझं उचलू नाई, नस दबते," असं तो सांगायचा. ही नस त्याला कोणत्या डॉक्टरने दाखवली होती कोण जाणे. तो पुढे चालायचा, वैशाखातसुद्धा गळ्याला मफलर, खिशात कंगवा, तोंडात ज्येष्ठमधाची काडी. गाव दिसलं की थांबून भांग पाडायचा आणि मग आम्हाला म्हणायचा, "चला बे, आवरा लवकर." जसा काही उशीर आम्हीच केला होता.

माईक तो स्वतःच्या उंचीला बांधून घ्यायचा आणि त्याच्या इतका जवळ उभा राहायचा की झिलकऱ्यांचा आवाज माईकपर्यंत पोचूच नये. कार्यक्रम संपला की त्याचा एकच प्रश्न : "आवाज कसा लागला, मास्तर?" लोक किती होते, गाणं कळलं का, जेवायचं काय, यातलं काही नाही. आवाज कसा लागला. मी "लागला" म्हणायचो. त्यावर तो मान हलवायचा, म्हणजे माझं बरोबर आहे अशी.

आता किसनदादाबद्दल सांगायला हवं, कारण त्याच्याशिवाय मनोहर म्हणजे नुसता गळा. किसनदादा सडकेच्या कामावर होता. आमची गाणी तो करायचा. खडी फोडताना त्याच्या मनात ओळी जुळायच्या. संध्याकाळी घरी आला की त्या बायकोला, रखमावहिनीला म्हणून दाखवायचा, आणि तिच्या ध्यानात राहिल्या की गाणं झालं असं समजायचा. लिहिणं त्याला जमत नव्हतं. आमच्या गाण्यांत शेवटच्या कडव्यात करणाऱ्याचं नाव यायचं. ती रीतच होती. गाणारा कोणीही असो, ते नाव घेतल्याशिवाय गाणं पुरं व्हायचं नाही. किसनदादाच्या प्रत्येक गाण्यात शेवटी "किसन सांगे" यायचं.

पिंपळगाव राजाला आमचा एका नावाजलेल्या पार्टीशी सामना लागला होता. समोरच्या गायकाने गाण्यातून असा सवाल टाकला की आमच्याकडे त्याचं उत्तरच नव्हतं. मनोहरने पाणी मागितलं, मफलर सैल केला, मग घट्ट केला. लोक हसायला लागले. तेवढ्यात मागून किसनदादा त्याच्या कानाशी लागला. एक ओळ सांगायचा, मनोहर ती गायचा, तोवर दादाची दुसरी तयार. असं सगळं गाणं जागच्या जागी झालं आणि समोरच्या पार्टीने हात जोडले. मनोहर रंगात आला होता. शेवटची ओळ कानात पडली तशी त्याने गाऊन टाकली आणि मग त्याच्या ध्यानात आलं की त्यात "किसन सांगे" आहे. त्याचा चेहरा मी ढोलकीमागून पाहिला. नारळ आणि शेला घेताना तो माईकवर म्हणाला, "सुचलं बुवा येळेवर." किसनदादा मागे बसून टाळांची दोरी नीट करत होता. परतीच्या वाटेवर मी त्याला विचारलं, "दादा, तुम्ही काऊन नाई बोलले?" तर म्हणाला, "नाव आलं ना गान्यात. मंग झालं."

त्याला तेवढंच पुरायचं. आणि रखमावहिनीला त्याहून जास्त. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. दीक्षेनंतर पुष्कळ जुन्या गोष्टी आम्ही टाकल्या, ही कोणी टाकली नाही. रेशनच्या दुकानात कार्डावरचं नाव विचारलं की वहिनी मुलीला, सुमीला, पुढे करायची. दवाखान्यात नेलं तरी तसंच. घरी त्याला हाक मारायची तर "सुमीचे बाबा". पण कार्यक्रमात शेवटचं कडवं आलं की साऱ्या बाया वळून तिच्याकडे बघायच्या, आणि ती पदराआड तोंड लपवून हसायची. भरल्या सभेत कोणीतरी तिच्या नवऱ्याचं नाव गोड गळ्याने घेतोय आणि तिला ते नुसतं ऐकायचं आहे. ते हसू पाहिलेले आता आम्ही दोघंतिघंच उरलो असू.

किसनदादाचं सगळ्यात गाजलेलं गाणं म्हणजे घंटेचं. सुमीला पहिल्यांदा शाळेत घातलं तेव्हा त्याने ते केलं. शाळा माझीच, घंटाही मीच वाजवायचो, त्यामुळे ते मला जास्तच आपलं वाटायचं.

उचल पोरी पाय, शाळेची घंटा वाजली

असं ध्रुपद, आणि शेवटी

किसन सांगे, बाई, मागं वळून पाहू नको
उचल पोरी पाय, शाळेची घंटा वाजली

हे गाणं झालं की लोक आम्हाला पुढचं सुरूच करू द्यायचे नाहीत. पुन्हा तेच मागायचे.

किसनदादा एका हिवाळ्यात काविळीने गेला. पंधरा दिवसांत माणूस पिवळा पडून संपला. त्याच्या शोकसभेत मनोहर घंटेचं गाणं गायला. चांगलं गायला, मी नाही म्हणत नाही. बाप्ये माणसं रडत होती. गाणं संपवून तो माझ्याशेजारी येऊन बसला, मफलर नीट केला आणि हळूच म्हणाला, "आवाज कसा लागला, मास्तर?" मी उत्तर दिलं नाही. त्याला वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून त्याने पुन्हा विचारलं.

त्यानंतर काही महिन्यांनी तो म्हणाला, "खामगावले दाढ काढाले जाऊन राह्यलो. हप्ताभर प्रोग्राम घेऊ नका." आठवड्याने परत आला. दाढा सगळ्या जागेवर, अंगात नवा टेरिलिनचा सदरा. पार्टीतल्या कोणाला त्याने काही सांगितलं नाही. तो मुंबईला जाऊन आला होता. तिथल्या एका कंपनीने त्याची रेकॉर्ड काढली होती, त्याच्या एकट्याची.

हे आम्हाला रखमावहिनीकडून कळलं. कारण जाण्याआधी तो गुपचूप तिच्याकडे जाऊन आला होता. घंटेच्या गाण्याचं मधलं एक कडवं त्याला नीट येत नव्हतं. कार्यक्रमात तिथे तो नुसते आलाप घ्यायचा, पण मुंबईत ते चालणार नव्हतं. वहिनीच्या चुलीसमोर बसून त्याने सगळं गाणं तिच्याकडून म्हणवून घेतलं. वहिनीने एकेक कडवं सांगितलं. शेवटच्या कडव्याशी ती थांबली. तिने सुमीकडे पाहिलं, आणि सुमीने ते म्हणून दाखवलं. म्हणजे दादाचं नाव त्या मुलीच्या तोंडून त्याने लख्ख ऐकलं होतं. उठताना तो म्हणाला, "वहिनी, दादाचं नाव मुंबईले वाजवतो. सध्या कोनाले सांगू नका." तिने सांगितलं नाही. रेकॉर्ड निघाल्याचं कळलं तेव्हा मात्र ती घरोघर सांगत फिरली, "सुमीच्या बाबाचं गानं मुंबईले वाजलं."

रेकॉर्ड आली ती मेहकरच्या रशीदभाईकडे. रशीदभाई लग्नाकार्यात लाउडस्पीकर लावायचा. आमच्या गावात त्याचं येणंजाणं होतं. रविवारी सकाळी तो ग्रामोफोन आणि भोंगा सायकलवर बांधून मुद्दाम आला. झेंड्याजवळच्या ओट्यावर त्याने सगळं मांडलं. मनोहर गावात नव्हता. अकोल्याला सत्कार होता म्हणे. सगळी वस्ती जमली. रखमावहिनी धुवट लुगडं नेसून सगळ्यांच्या पुढे बसली होती, सुमीला जवळ घेऊन.

रेकॉर्ड सुरू झाली. आमच्या पेटीच्या जागी व्हायोलिनं होती. ढोलकी कोणा मुंबईवाल्याची, हात सफाईचा पण कडव्यामधली उसळती उठान नाही. झीलला बायकांचे नाजूक आवाज. मनोहरचा गळा मात्र तोच, उलट जास्तच मोकळा. एकेक कडवं झालं. वहिनीकडून घेतलेलं मधलं कडवं आलं तेव्हा तिचे ओठ हलत होते. शेवटचं कडवं सुरू व्हायच्या आधी बायांनी सवयीने माना वळवल्या, आणि वहिनीने पदर तोंडापर्यंत नेला.

मनोहर सांगे, मागं वळून पाहू नको

व्हायोलिनं वाजली आणि गाणं संपलं. सुई नुसती घरघरत राहिली. वहिनीचा पदर तोंडावर तसाच होता.

"याच्यात शेवटचं नाई का, भाऊ?" तिने विचारलं.

रशीदभाई म्हणाला, "झालं ना वहिनी. एवढंच हाय."

"दुसऱ्या बाजूनं असन."

रशीदभाईने बिचाऱ्याने तबकडी उलटी केली. दुसऱ्या बाजूला भलतंच गाणं होतं. वहिनीने तेही शेवटपर्यंत ऐकलं. मग सुमी उठली आणि तबकडीच्या मधल्या गोल कागदावर बोट ठेवून वाचायला लागली. तिला वाचता येतं याचा मला तोवर फार अभिमान होता. "गायक, मनोहर जानेफळकर. गीत, मनोहर जानेफळकर." तिने तबकडी फिरवून आणखी काही आहे का ते पाहिलं. कंपनीचं नाव होतं, ते तिने वाचलं नाही.

मनोहर आला तसा मी त्याच्या घरी गेलो. तो आरशासमोर होता. मी सरळ विचारलं, "दादाचं नाव काऊन काढलं?"

"तीन मिनटाची तबकडी असते, मास्तर. सगळं बसत नाई तिच्यात."

"'किसन सांगे बाई'च्या जागी 'मनोहर सांगे' बसलं ना?"

"म्हनून तं बाई काढली," तो म्हणाला. म्हणजे याचासुद्धा त्याने विचार केला होता. किसनदादाने लेकीला मारलेली हाक काढून त्याने स्वतःच्या नावाला जागा केली होती. मग तो समजुतीच्या सुरात म्हणाला, "हे पाय, नाव जित्या मानसाचं पाह्यजे. लोक उद्या म्हनतीन, किसनले बलवा. कुठून आनू मी किसन?"

"आन् वहिनीले काय सांगितलं होतं तू?"

"गानं वाजलं ना मुंबईले? मंग?" त्याने कंगवा झटकला. "आवाज कसा लागला पन, रेकार्डवर?"

त्या दिवसानंतर मी त्याच्यासाठी ढोलकीला हात लावला नाही. त्याचं काही अडलं नाही. रेकॉर्डच्या जोरावर त्याला अकोल्याची तयार वाजवणारी माणसं मिळाली. बोर्डावरचं "आणि पार्टी" गेलं. गाणं जिथे तिथे वाजू लागलं, लग्नात, जत्रेत, हॉटेलांत. वाईट ह्याचं वाटतं की वर्षभरात आमच्याच शाळेतली मुलं ते "मनोहर सांगे" म्हणून गायला लागली. मी त्यांना दामटून "किसन" म्हणायला लावायचो. ती माझ्यापुढे किसन म्हणायची आणि शाळा सुटली की मनोहर. रेकॉर्ड रोज वाजते, मास्तर किती ओरडणार?

पुढच्या जयंतीला गावाने त्यालाच बोलावलं. मी विरोध केला तर तरुण मुलं म्हणाली, "मास्तर, तुमचं आपसातलं तुमच्यापाशी ठेवा. एवढा मोठा गायक आपल्या गावचा हाय." मी जाऊन मागे बसलो.

तो जीपने आला. घंटेचं गाणं त्याने मुद्दाम शेवटी ठेवलं होतं. शेवटचं कडवं यायला आणि बायांमधून रखमावहिनी उठायला एकच गाठ पडली. ती चालत थेट माईकपुढे गेली. वाजवणारे थांबले. मनोहर एक क्षण गोंधळला, एकच क्षण. मग त्याने माईक वाकवून तिच्या तोंडापुढे धरला. तेवढा तो हुशार होताच.

वहिनीला गाता येत नव्हतं. तिने नुसतं म्हटलं, सावकाश, रेशनच्या दुकानात सांगावं तसं : "किसन सांगे, बाई, मागं वळून पाहू नको." आयुष्यात पहिल्यांदा ते नाव तिच्या तोंडून निघालं होतं, आणि तेही भोंग्यातून, सगळ्या गावाला ऐकू जाईल असं. म्हाताऱ्या बायांनी तोंडावर हात ठेवले. ह्या वेळी तिने पदर वर नेला नाही. मला उठून तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

आणि मनोहरने काय केलं? माईक आपल्याकडे ओढला, डोळे मिटले आणि म्हणाला, "ही दादाची पुन्याई. म्याच वहिनीले म्हटलं होतं, आज तुम्ही या." टाळ्यांचा कडकडाट झाला. तिने उघड उघड त्याच्या तोंडावर मारलेलं त्याने शेल्यासारखं खांद्यावर घेतलं. टाळ्या थांबल्यावर त्याने कडवं पुन्हा उचललं, वरच्या पट्टीत, अगदी सुंदर. "मनोहर सांगे." वहिनी तेव्हा सुमीचा हात धरून घराकडे निघाली होती. पुढे प्रत्येक गावात तो हा किस्सा सांगायचा असं ऐकलं. त्यात वहिनीला बोलावणारा तो, रडणारा तो, आणि वहिनी त्याला आशीर्वाद देते.

मी त्याला शेवटचं पाहिलं ते मेहकरच्या एस.टी. स्टँडवर, बऱ्याच वर्षांनी. स्टँडसमोरच्या हॉटेलात मी चहा घेत होतो. कोपऱ्यात मफलर गुंडाळलेला एक माणूस बसला होता. तो मनोहर होता हे कळायला मला वेळ लागला. गळ्याला काहीतरी झालं होतं, मुंबईला ऑपरेशन झालं आणि आवाज गेला, असं मी ऐकून होतो. त्याने मला ओळखलं. हात वर केला. मी मान हलवली आणि बशीत चहा ओतला.

तेवढ्यात हॉटेलवाल्याने रेकॉर्ड लावली. घंटेचंच गाणं. मनोहर ताठ बसला. त्याने खिशातून कंगवा काढून भांग पाडला. गाणं पुढे सरकलं, मधलं कडवं झालं, आणि बाहेर लोणारची गाडी लागली. गिऱ्हाइकं भराभर उठली. हॉटेलवाल्याने पैसे घेता घेता सुई उचलून बाजूला ठेवली.

मनोहर उठून गल्ल्याजवळ गेला. त्याच्या तोंडून नुसती हवा निघत होती. जवळ होतो म्हणून मला ऐकू आलं. "शेवटचं कडवं राह्यलं ना बे."

"काय?"

"शेवटचं. शेवटचं लाव."

"कोन ऐकते बुवा शेवटचं," हॉटेलवाला म्हणाला. "गानं तं समजलं ना सगळं."

मनोहर माझ्याकडे वळला. डोळ्यांत पाणी होतं, राग होता का काय ते मला माहीत नाही आणि मला ते जाणून घ्यायचंही नव्हतं. माझी बाही धरून तो म्हणाला, "मास्तर, सांग ना याले. मी कोन हाय थे सांग."

एक शब्द बोलायचा होता. मला रशीदभाईचा ग्रामोफोन आठवला, ओट्यावरची घरघरणारी सुई आठवली. मी चहाचे पैसे ठेवले आणि म्हटलं, "माही गाडी लागली."

गाडीत खिडकीशी जागा मिळाली. गाडी सुटेपर्यंत हॉटेल समोरच दिसत होतं. तो गल्ल्यावर दोन्ही हात टेकून ओठ हलवत होता. हॉटेलवाला कपबशा विसळत मान वर करायचा आणि मोठ्याने विचारायचा, "काय म्हनता? कोन?"